लोडरची बकेट कलवणारा अ‍ॅडॉप्टर : बांधणीच्या नोंदी

१ फेब्रुवारी

ट्रॅक्टरला पुढे जोडलेल्या लोडरची बकेट वर-खाली होते आणि पुढे-मागे वळते, पण डावीकडे किंवा उजवीकडे कलत नाही. रस्त्याच्या मध्यावर उंचवटा राखून दोन्ही कडांना उतार द्यायचा असेल, किंवा चराचा एकच काठ खाली घ्यायचा असेल, तर आजवर मी ट्रॅक्टरचे एका बाजूचे चाक फळीवर चढवून काम भागवत आलो. लोडर आणि बकेट यांच्यामध्ये बसेल, हायड्रॉलिक सिलिंडरने दोन्ही बाजूंना कलेल आणि बकेटीऐवजी ब्लेड किंवा काटे लावले तरी चालेल, असा अ‍ॅडॉप्टर स्वतः बांधायचे ठरवले आहे. वेळेचा अंदाज ३० तासांचा आहे.

यंत्र ५० अश्वशक्तीच्या वर्गातले असून पंप मिनिटाला ४० लिटर तेल देतो आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाबाचे तेल टाकीकडे सोडणारा) १८० बारवर उघडतो. बकेट १८०० मिमी रुंद आणि २२० किलो वजनाची आहे. लोडरचा क्विक कपलर (अवजार चटकन अडकवण्याची जोडणी) स्किड स्टिअर या जागेवरच वळणाऱ्या छोट्या लोडरच्या धाटणीचा, म्हणजे वर तिरका ओठ आणि खाली लिव्हरने उतरणाऱ्या दोन पाचरी असा आहे. या जोडणीची मापे आयएसओ २४४१० मध्ये ठरलेली आहेत. कृषी ट्रॅक्टरच्या लोडरांसाठीचे आयएसओ २३२०६ हे प्रमाण वेगळे असून या दोन जोडण्या एकमेकींत बसत नाहीत. तेव्हा प्लेट कापण्यापूर्वी आपल्या कपलरचे माप स्वतः घ्यावे, हे उत्तम.

२ फेब्रुवारी

पहिले रेखाटन रद्द केले. त्यात सिलिंडर दोन प्लेटांच्या मध्ये होता, त्यामुळे अ‍ॅडॉप्टरची जाडी २३० मिमी होत होती. अ‍ॅडॉप्टर जितका जाड, तितकी बकेट पुढच्या आसापासून लांब जाते आणि तितके उचलायचे वजन कमी होते. आज आसापासून बकेटीतल्या मालाच्या मध्यापर्यंत १४५० मिमी अंतर आहे आणि १००० किलो माल उचलताना मागची चाके हलकी होऊ लागतात. अ‍ॅडॉप्टरचे स्वतःचे वजन १५५ किलो धरून आसाभोवतीच्या आघूर्णांचा (वजन गुणिले आसापासूनचे अंतर) हिशेब मांडला, तेव्हा २३० मिमी जाडीला सुमारे ७४० किलो माल उरला. सिलिंडर प्लेटांच्या वरच्या कडेबाहेर नेला, तर जाडी १५० मिमी होते आणि सुमारे ७९० किलो उरतो. ५० किलोंसाठी एक दिवस गेला, तरी तो वाया गेला असे मला वाटत नाही. मात्र २०० किलोंहून अधिक क्षमता जाणार, हे आधीच मान्य करूनच पुढे जायला हवे.

४ फेब्रुवारी

प्लेटा १६ मिमी जाडीच्या, ११०० मिमी लांब आणि ४५० मिमी उंच कापल्या. लोडरकडची प्लेट स्थिर राहील आणि अवजाराकडची कलेल. मधली पिन खालच्या कडेपासून ९० मिमीवर आणि सिलिंडरचा डोळा (टोकाची कडी) पिनेपासून ४३० मिमी वर ठेवला आहे. २०० मिमी स्ट्रोकचा, म्हणजे रॉड तेवढा सरकणारा, सिलिंडर मध्यापासून दोन्ही बाजूंना १०० मिमी सरकला, की प्रत्येक बाजूला सुमारे १३ अंश कल मिळतो. एवढ्या कलाला बकेटीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा ४१५ मिमी खाली जाते.

सुरुवातीला मला २० अंश हवे होते. नंतर ध्यानात आले की ५ टक्के उतार म्हणजे ३ अंशांहूनही कमी. चारास एक असा उतार मात्र १४ अंशांचा असतो, तो सपाटीवर उभे राहून एका झटक्यात निघणार नाही. त्यासाठी स्ट्रोक वाढवला असता, तर सिलिंडरची बंद लांबीही वाढून त्याचे टोक प्लेटेबाहेर डोकावले असते आणि पहिल्या झाडाला अडकले असते.

९ फेब्रुवारी

आजची चूक सर्वांत महागात पडली. पिनेचा बॉस, म्हणजे जाड नळीचा तुकडा, आधी आतून अचूक बोअर करून (कोरून) आणला होता आणि मग तो मागच्या प्लेटेला सलग वेल्ड केला. थंड झाल्यावर पाहतो, तर ११०० मिमी लांबीत प्लेट ३ मिमी वाकली होती आणि बोअर आवळून ६० मिमीची पिन आत जाईनाशी झाली होती. वेल्ड आकुंचन पावतो हे मला ठाऊक नव्हते असे नाही; एवढी जाड प्लेट त्याला जुमानणार नाही, अशी माझी समजूत होती.

१३ फेब्रुवारी

प्लेटेच्या फुगीर बाजूवर ज्योतीने ठराविक पट्टे लालसर तापवून आणि ते आपोआप निवू देऊन वाकलेपणा ३ मिमीवरून अर्ध्या मिमीवर आणला. हे काम घाईने होत नाही. एक पट्टा तापवायचा, पूर्ण थंड होऊ द्यायचा, सरळ पट्टी लावून मोजायचे आणि मगच दुसरा पट्टा घ्यायचा. बॉसचा बोअर वेल्डिंग झाल्यानंतर पुन्हा करून घेतला. लेथवरच्या कारागिराने माझ्याकडे पाहून एवढेच विचारले, ‘‘आधी वेल्ड करून मग बोअर करायचा, हे सांगायला हवं होतं का?’’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या प्लेटेच्या वेळी बोअरमध्ये २ मिमी माल शिल्लक ठेवला, दोन्ही प्लेटा पाठीला पाठ लावून शिकंज्यांनी आवळल्या आणि समोरासमोरचे छोटे छोटे टाके आलटून पालटून भरले. ती प्लेट पाऊण मिमीच हलली. वेल्डिंग आणि सरळ करणे यांत मिळून २२ तास गेले.

१६ फेब्रुवारी

पहिली जुळणी झाली. पिन ईएन १९ पोलादाची, बुश (पिनेभोवतीचे अस्तर) गनमेटल या काशाच्या जातीच्या धातूचे, ६० मिमी लांबीचे, आणि पिन व बुश यांच्यात ०.१५ मिमी जागा आहे. सिलिंडर अजून लावलेला नाही. त्याच्या जागी लोखंडी पट्टी बोल्टने बसवून बकेट अडकवली आणि तीत ४०० किलो वजन ठेवून उचलली. प्लेटांच्या वरच्या कडा एकमेकींपासून ५ मिमी दूर झाल्या. बकेटीच्या धारेशी तेच अंतर सुमारे १० मिमी होते.

बुशमधल्या जागेचा हिशेब केला, तर तिच्यामुळे वरच्या कडेला जेमतेम १ मिमी खेळ यायला हवा. उरलेले ४ मिमी म्हणजे बॉसभोवती प्लेटच वाकत होती. पिन एकटी कलण्याची फिरकी सांभाळते, पण बकेट पुढे ओढते ती ओढ पेलणे तिच्या आवाक्याबाहेर आहे. ती ओढ वरच्या बाजूला वेगळी धरायला हवी. रेखाटनात पिन बारकाईने काढताना वरच्या कडेचा मी विचारच केला नव्हता.

२० फेब्रुवारी

पिनेपासून ३३० मिमी त्रिज्येवर कलणाऱ्या प्लेटेत कमानीच्या आकाराची खाच कापली. स्थिर प्लेटेला दोन जाड अंतरठोकळे वेल्ड केले आणि त्या ठोकळ्यांवर २० मिमी जाडीची पट्टी बोल्टने आवळली. ही पट्टी कलणाऱ्या प्लेटेला पुढून धरून ठेवते आणि कमानीतून तिला सरकू देते. पट्टीच्या आतल्या बाजूस नायलॉनचे घसरते तुकडे बसवले आणि ठोकळ्यांखाली अर्ध्या मिमीच्या शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घातल्या, म्हणजे झीज झाली की एकेक शिम काढून खेळ कमी करता येईल. त्याच ४०० किलोंना आता पाऊण मिमी फट पडते.

पिनेच्या नटानेही एक धडा दिला. दहा-वीस वेळा कलवल्यावर नट सैल झाला, कारण बुशमधल्या घर्षणाने पिनही थोडी फिरत होती आणि नटाला सोबत नेत होती. पिनेच्या डोक्याला एक कान वेल्ड करून तो स्थिर प्लेटेला बोल्टने अडकवला. आता पिन फिरत नाही.

२४ फेब्रुवारी

सिलिंडर आला. व्यास ६३ मिमी, रॉड ३५ मिमी. दोन्ही डोळ्यांत गोलाकार बेअरिंग घेतले आहेत, कारण प्लेटांमध्ये उरलेला पाऊण मिमी खेळ साध्या बुशमधून सरळ रॉडच्या सीलवर आला असता.

जोडणीत अर्धा दिवस गळतीपायी गेला. सिलिंडरच्या अर्धा इंची पोर्टात (तेलाच्या तोंडात) जो निपल (तेलनळी जोडणारा आट्यांचा तुकडा) घातला, तो सहज तीन वेढे गेला आणि नंतर अडला. पोर्टाला बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे) आटे होते आणि निपलला एनपीटी (अमेरिकी पद्धतीचे). अर्धा इंची मापात दोन्हींना इंचाला १४ आटे असतात, पण एकाचा कोन ५५ अंशांचा आणि दुसऱ्याचा ६० अंशांचा, त्यामुळे सुरुवातीला ते एकमेकांत गेल्यासारखे वाटतात. टेप गुंडाळून आवळण्याचा मोह झाला होता, तो आवरला. एवढ्या दाबाला टेप टिकत नाही आणि पोर्टाचे आटे मात्र कायमचे जातात.

२५ फेब्रुवारी

इंजिन सुरू करून पहिल्यांदा कलवले. ४० लिटरच्या प्रवाहाने सिलिंडर एका सेकंदाच्या आत पूर्ण बाहेर आला आणि बकेटीने जमिनीला असा तडाखा दिला की मी नकळत क्लच दाबला. पूर्ण स्ट्रोकला सिलिंडरच्या बुडाकडे ६२३ मिलिलिटर आणि रॉडकडे ४३१ मिलिलिटर तेल लागते, त्यामुळे आत जाण्याचा वेग तर याहूनही जास्त. मला ४ ते ५ सेकंद हवे आहेत, म्हणजे प्रवाह मिनिटाला ८ लिटरांच्या आसपास आणायला हवा.

हाताशी असलेले एकतर्फी रिस्ट्रिक्टर (एकाच दिशेचा प्रवाह अडवणारे) दोन्ही पोर्टांना लावले. वेग हवा तसा झाला, पण रॉडच्या बाजूला लावलेल्या गेजचा काटा २५० च्या पुढे गेला आणि तिथल्या होजच्या (रबरी तेलनळीच्या) क्रिम्पखालून, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या कडीखालून, तेल पाझरू लागले. रिस्ट्रिक्टर बाहेर पडणारे तेल अडवत होते. बुडाकडे पिस्टनचे क्षेत्रफळ ३१.२ चौरस सेंमी आहे, रॉडकडे रॉड वजा जाता २१.६, म्हणून बुडाकडच्या १८० बारचे रॉडकडे २६० बार होतात. त्यातून ती होज एकपदरी तारेची, म्हणजे १६० बारची होती. १८० बारच्या यंत्राला ती लावणेच चुकीचे होते. दोन्ही होज दुपदरी तारेच्या, २७५ बारच्या घेतल्या आणि रिस्ट्रिक्टर उलटे फिरवले. आता ते आत जाणारे तेल अडवतात आणि बाहेर येणारे मोकळे सोडतात. होजची लांबीही वाढवली, कारण पूर्ण डाव्या कलाला जुनी होज दोन प्लेटांच्या मध्ये चिमटली जात होती.

२८ फेब्रुवारी

पहिले खरे काम : चराचा काठ उतरता घेणे. कलवणे उत्तम जमले, पण ठेवलेला कल टिकला नाही. एका बाजूला ओली माती भरून बकेट उचलून ठेवली, तर दहा मिनिटांत ते टोक ३५ मिमी खाली आले. टोकाच्या ३५ मिमींना सिलिंडर साधारण १७ मिमी सरकतो, म्हणजे मिनिटाला जेमतेम साडेतीन मिलिलिटर तेल स्पूलच्या, म्हणजे तेलाची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्याच्या, कडेने निसटत होते. त्यात बिघाड काही नाही. कोणत्याही स्पूलमधून तेल थोडे पाझरतेच. बकेट उचलताना-टाकताना ते जाणवत नाही, पण उतार मोजून काढायचा असेल, तर ते चालत नाही.

३ मार्च

सिलिंडरवर दुहेरी पायलट चेक व्हॉल्व्ह बसवला; हा तेल दोन्हीकडून कोंडून धरतो आणि दुसऱ्या होजमधून दाब (पायलट) आला की मगच सोडतो. तो होजच्या दुसऱ्या टोकाला न लावता सिलिंडरलाच लावला, म्हणजे होज फुटली तरी बकेट धरलेली राहील. कल एका रात्रीत मिमीभरही हलला नाही. पण भरलेली बाजू खाली घेताना सारा लोडर धडधडू लागला. वजन रॉडला ओढते, सिलिंडर आत येणाऱ्या तेलाच्या पुढे धावतो, पायलटचा दाब पडतो, चेक बंद होतो, दाब पुन्हा चढतो आणि चेक पुन्हा उघडतो. हे सेकंदाला अनेकदा घडते. मी आत जाणारे तेल अडवले असल्याने ते अधिकच वाईट झाले.

६ मार्च

बकेटीचे उजवे टोक गाडलेल्या दगडावर आपटले. चेक व्हॉल्व्हने तेल दोन्हीकडून कोंडलेले असल्याने सिलिंडर लोखंडी दांड्यासारखा वागला आणि स्थिर प्लेटेवरच्या सिलिंडरच्या कानाचा वेल्ड मुळातून तडकला. डाय टेस्ट (रंगद्रव्याने भेग शोधण्याची चाचणी) केली, तेव्हा भेग ४० मिमी निघाली. कान काढून, कड तिरकी घासून, ७०१८ जातीच्या वेल्डिंग रॉडने पूर्ण खोलीचा वेल्ड भरला आणि दोन्ही अंगांना त्रिकोणी आधार दिले. ६ तास गेले.

दुरुस्तीला हात घालताना एक धोका लक्षात आला, तो इथे नोंदवणे भाग आहे. असा तेल कोंडणारा (लॉक) व्हॉल्व्ह असलेल्या सिलिंडरमध्ये इंजिन बंद करून लिव्हर हलवली तरी दाब कोंडून राहतो. बकेट पूर्ण जमिनीवर टेकवून, कल सरळ करून आणि व्हॉल्व्हची सोडचावी सावकाश उघडूनच नट सैल करावा. मी पहिला नट घाईने सोडला आणि चष्म्यामुळे बचावलो.

१७ मार्च

चेक काढून दोन काउंटरबॅलन्स व्हॉल्व्ह बसवले, पायलट गुणोत्तर (व्हॉल्व्ह उघडण्यात पायलटच्या दाबाचा जोर किती पट, ते) ३ : १. हा व्हॉल्व्ह उघडा-बंद असा न वागता वजनाला धरून धरून सोडतो, त्यामुळे धडधड पूर्ण थांबली. ७९० किलो माल मध्यापासून ४५० मिमी बाजूला सरकला आहे असे धरले, तरी रॉडकडे ३८ बारच दाब येतो. निव्वळ वजनासाठी त्याच्या १.३ पट, म्हणजे ५० बार पुरले असते. पण टोकाने माती कापताना ते अपुरे पडतात. व्हॉल्व्ह १२० बारवर ठेवले आहेत. बाहेरून जोर आल्यास बकेटीच्या टोकाशी सुमारे १२ किलोन्यूटनला रॉडची बाजू हार मानते. रिलीफच्या १८० बारला सिलिंडर बाहेर ढकलताना टोकाशी २७ किलोन्यूटन जोर लावू शकतो, म्हणजे लोडर जेवढे उचलतो त्याच्या तिप्पट. लोडरचे हात पिळण्याची ताकद अ‍ॅडॉप्टरमध्ये असण्याची गरज नाही, म्हणून अ‍ॅडॉप्टरकडे जाणाऱ्या तेलवाटेवर ११० बारचा वेगळा रिलीफ टाकला.

तरीही पहिल्या चाचणीत दणका तसाच बसला. दोन संध्याकाळी खर्ची पडल्यावर कारण कळले : व्हॉल्व्ह १२० बारला उघडत होता, पण त्यातून सुटलेले तेल मधल्या स्थितीत बंद असलेल्या स्पूलशी येऊन अडत होते. मध्यावर दोन्ही पोर्ट टाकीकडे मोकळे ठेवणारा, मोटरसाठी वापरतात तसा स्पूल घातला. मग मुद्दाम एका ओंडक्यावर टोक टेकवून लोडर दाबला, तेव्हा बकेट निमूटपणे कलली आणि काहीही तुटले नाही. हायड्रॉलिक्सचे एकूण ३४ तास झाले. नव्याने करणाऱ्याने स्पूल, काउंटरबॅलन्स आणि आत जाताना अडवणारे रिस्ट्रिक्टर हे तिन्ही एकत्रच घ्यावेत. मी ते एकेक करून घेतले आणि प्रत्येक वेळी आधीचे उपसले.

२२ मार्च

रात्रभर पावसात उभा राहिल्यावर सकाळी अ‍ॅडॉप्टर कलेना. नायलॉन पाणी पिऊन फुगला होता आणि मोकळी जागा त्याने भरून काढली होती. त्यात वाळूचे कणही रुतले होते. तुकडे काढून गनमेटलचे बसवले आणि प्रत्येकामागे ग्रीसची वाट कोरली.

२३ मार्च

स्थिर प्लेटेवर अंशांच्या खुणा आणि कलणाऱ्या प्लेटेवर एक काटा वेल्ड केला. वीस मिनिटांचे काम. चालकाच्या जागेवरून बकेट सरळ आहे की नाही, हे धार पाहून कधीच कळत नाही. काट्यावरून ते लगेच कळते. हे पहिल्याच दिवशी का केले नाही, कोण जाणे.

५ एप्रिल

कामाचे ४० तास झाल्यावर सर्व उघडून मोजले. मधल्या बुशमधली जागा ०.१५ वरून ०.२ मिमी झाली आहे, गनमेटलच्या तुकड्यांची झीज मोजण्याजोगी नाही आणि कानाच्या वेल्डवर डाय टेस्टमध्ये भेग दिसली नाही. बांधणीचे एकूण तास ९६ भरले.

एक गोष्ट राहिली आहे. अवजाराकडच्या पाचरींची डावी लिव्हर वर उचलताना सिलिंडरच्या होजवरील संरक्षक पत्र्याला अडते, म्हणून बकेट बदलण्याआधी ५ अंश उजवीकडे कलवावे लागते. पण जमिनीवर सपाट ठेवलेले अवजार कललेल्या कपलरने सोडता येत नाही. सध्या पत्रा काढून काम चालले आहे आणि होज उघडी आहे. पुढच्या आठवड्यात लिव्हर ६० मिमीने आखूड करून तिला बाहेरच्या बाजूने वाकवून पाहणार आहे.